पापळची शाळा जिथे संपली

दरवर्षी २७ डिसेंबर उजाडला की वऱ्हाडातल्या कितीतरी शाळा-महाविद्यालयांत डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. वक्ते बोलतात. शिक्षणमहर्षी, केंद्रीय कृषिमंत्री, घटना समितीचे सदस्य अशी बिरुदे एकामागून एक येतात. ती सर्व खरीच आहेत. परंतु एवढी बिरुदे एकदम ऐकली की तो माणूस आपल्यापासून फार दूर गेल्यासारखा वाटतो. आपण टाळ्या वाजवतो आणि आपापल्या वर्गात परत जातो.

यंदा मी भाऊसाहेबांचे चरित्र वाचले ते निराळ्या कारणासाठी. मला एका साध्या प्रश्नाचे उत्तर हवे होते. खेड्यातली शाळा संपल्यावर हा मुलगा पुढच्या शाळेत गेला कसा? आणि ती संपल्यावर त्याच्या पुढच्या? मंत्री कसे झाले, हे मला तूर्त नको होते.

हा प्रश्न मला का पडला ते सांगितले पाहिजे. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील सातवीपर्यंत शिकले. आईला सही करता येते, आणि ती सही ती फार जपून करते. आपण सारे २०२४ च्या तुकडीचे विद्यार्थी, म्हणजे संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण लागू झाले त्याची पहिली तुकडी. या धोरणाप्रमाणे एक वर्ष झाले की प्रमाणपत्र, दोन वर्षे झाली की पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चौथे वर्ष केले तर ऑनर्स. आपल्याकडे तीन वर्षांची सोय आहे. मला इतिहास घेऊन चौथे वर्ष करायचे आहे, आणि त्यासाठी अमरावती नाही तर अकोला गाठणे भाग आहे.

आता गंमत पाहा. धोरणात दारे दोन प्रकारची आहेत, आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची. आमच्या नातेवाईक मंडळींना नेमके बाहेर पडण्याचे दार आधी दिसले. दोन वर्षांत पदविकेचा कागद मिळतो ना, मग मुलीच्या जातीला तेवढा पुरे, असे घरी बोलले जाऊ लागले. कोणी दुष्टपणाने बोलत नाही. काळजीपोटीच बोलतात. पण त्या बोलण्याने मला भाऊसाहेबांच्या चरित्राकडे ओढून नेले, कारण थांबायला सोयीच्या जागा त्यांच्याही वाटेवर पुष्कळ होत्या.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. हे गाव आज नांदगाव खंडेश्वर तालुक्यात आहे. वडील शामराव, आई राधाबाई. घर शेतकऱ्याचे. तो काळ असा की वऱ्हाड नावाला निजामाचा, कारभार मात्र इंग्रजांचा, आणि १९०३ पासून तो मध्य प्रांताला जोडलेला. कापसाच्या पेठा भरभराटीला आलेल्या होत्या. रेल्वे आली होती, जिनिंगचे कारखाने आले होते. पण ज्याच्या शेतात कापूस पिकत होता त्याच्या गावात शाळा असली तर ती पहिल्या दोन-तीन इयत्तांची. पापळलाही पुढची सोय नव्हती.

पापळची शाळा संपली तेव्हा या मुलापुढे पहिली थांबण्याची जागा आली. लिहिता-वाचता येत होते. जमिनीचा कागद वाचता आला, सावकाराच्या वहीतला आकडा कळला, की शेतकऱ्याच्या मुलाचे शिक्षण झाले असे मानण्याचे ते दिवस. पंजाबराव तिथे थांबले नाहीत. ते चांदूर रेल्वेला गेले. पुढे कारंजा लाड येथे शिकले. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात असले तरी १९९८ साली तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते अकोला जिल्ह्यातच होते. म्हणजे शाळेच्या शोधात हा मुलगा अमरावती आणि अकोला या दोन्ही अंगांना फिरला. शेवटी अमरावतीच्या हिंदू हायस्कूलमधून ते १९१८ साली मॅट्रिक झाले.

चरित्रकार ही गावे एका ओळीत लिहून टाकतात. मी मात्र त्या ओळीवर अडून बसले. पापळ, चांदूर, कारंजा, अमरावती. प्रत्येक स्वल्पविरामाच्या ठिकाणी एक लहान मुलगा आपले अंथरूण-पांघरूण गुंडाळून नव्या गावात चालला आहे. तिथे कोणाच्या घरी राहायचे, जेवायचे कुठे, आजारी पडला तर कोण बघणार, हे सर्व प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने सोडवावे लागले असणार. अभ्यासाचा प्रश्न त्याच्या मागून आला असणार. आपल्यापैकी जे गावाहून एस. टी.ने ये-जा करतात त्यांना हे समजावून सांगायला नको.

मॅट्रिक ही दुसरी मोठी थांबण्याची जागा. त्या काळात मॅट्रिक झालेल्या वऱ्हाडी मुलाला कचेरीत कारकुनी मिळू शकत होती, आणि कचेरीतली नोकरी म्हणजे गावात केवढा मान! शिवाय पुढे शिकायचे म्हटले तर वऱ्हाडात महाविद्यालयच नव्हते. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलेली संस्था, १९२३ साली निघाली. नागपूर विद्यापीठाची स्थापनाही १९२३ चीच. तेव्हा १९१८ साली मॅट्रिक झालेल्या मुलाने एक तर नागपूरचे मॉरिस नाही तर हिस्लॉप कॉलेज गाठायचे, नाही तर मुंबई इलाख्यात जायचे. पंजाबरावांनी पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज धरले. ते वर्षही कसले? पाऊस दगा देऊन गेलेला, आणि इन्फ्लुएन्झाची साथ, जिला जुनी माणसे मानमोडी म्हणत, घरोघर माणसे नेत होती. अशा वर्षात मुलाला परमुलखात पाठवायला आईबापांचे काळीज घट्ट असावे लागते.

फर्ग्युसनमध्ये दोन वर्षे काढल्यावर त्यांनी जे केले ते मला सर्वांत धाडसाचे वाटते. बी. ए.ची पदवी हातात नसताना, १९२० साली, त्यांनी पुणे सोडले आणि शिक्षणासाठी इंग्लंडची वाट धरली. या पैशासाठी शामरावांनी जमिनीवर कर्ज काढले असे आपल्याकडे सांगतात. त्या घराने फार मोठा भार उचलला एवढे निश्चित. आजच्या भाषेत बोलायचे तर हा विद्यार्थी अभ्यासक्रमाच्या मधोमध संस्था बदलत होता. तिकडे जमले नाही तर हाती काय राहणार होते? दोन वर्षांचे शिक्षण आणि घरावर कर्ज. आमचे नातेवाईक त्या वेळी पापळला असते तर त्यांनी काय सल्ला दिला असता, हे मी सांगू शकते.

पंजाबराव स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठात दाखल झाले आणि एम. ए. झाले. संस्कृतच्या अभ्यासासाठी त्यांना तिथे शिष्यवृत्ती मिळाली. पुढे ऑक्सफर्डला जाऊन त्यांनी वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहिला व डी. फिल. ही पदवी मिळवली. हा ग्रंथ १९३३ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. त्याच मुक्कामात ते बॅरिस्टरही झाले. शेतकरी कुळातल्या मुलाने वेदांवर प्रबंध लिहावा ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. संस्कृत विद्या कोणाची, हा प्रश्न तेव्हा महाराष्ट्रात धुमसत होता. भाऊसाहेबांनी त्या वादाला अभ्यास करून उत्तर दिले.

याच सुमारास आपल्या महाराष्ट्रातला आणखी एक विद्यार्थी अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेला होता. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली लंडनचा अभ्यास मध्येच टाकून परतावे लागले. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा ठेवली होती. मुंबईत प्राध्यापकी करून, पैसे साठवून आणि स्नेह्यांची मदत घेऊन ते १९२० साली पुन्हा गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. मुदतीची मुभा कागदावर सर्वांनाच असते. ती वापरता येण्यासाठी काय करावे लागते, ते या उदाहरणावरून कळते. आज आपल्यालाही अशी मुभा आहे. मध्येच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकंदर सात वर्षांत पदवी पुरी करता येते. परंतु बाहेर पडलेल्या मुलीला परत आणण्यासाठी घरातून कोण निघणार, याचे उत्तर कुठल्याही परिपत्रकात नाही.

पंजाबराव १९२६ साली परत आले. एम. ए., डी. फिल., बॅरिस्टर, आणि वय अठ्ठावीसच्या आत. अमरावतीत वकिली करून बंगला बांधता आला असता. वकिली त्यांनी सुरू केलीही. पण तिच्याबरोबर त्यांनी पहिले जे मोठे काम हाती घेतले ते वसतिगृहाचे. अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय उभे केले. खेड्यातून शिकायला आलेल्या निरनिराळ्या जातींच्या मुलांनी एका छपराखाली राहावे, एका पंक्तीला जेवावे, असे ते छात्रालय होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांनाही तिथे जागा होती.

परदेशातून एवढ्या पदव्या घेऊन आलेल्या माणसाने आधी वसतिगृह का काढावे? मला वाटते, याचे उत्तर पापळ, चांदूर, कारंजा, अमरावती या ओळीत आहे. शाळा तर अमरावतीत होत्याच. अडत होते ते शाळेपर्यंत येऊन राहण्याचे. खेड्यातला हुशार मुलगा परीक्षेत क्वचित नापास होतो. तो राहण्या-जेवण्याच्या प्रश्नात नापास होतो. हे भाऊसाहेब स्वतःच्या अनुभवाने जाणून होते.

हा विचार त्यांचा एकट्याचा होता असे नव्हे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहे उभारण्यास सुरुवात केली होती. सातारा भागात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. योगायोग असा की, ज्या १९०१ साली कोल्हापुरात पहिले वसतिगृह निघाले, त्याच साली अमेरिकेतील जोलिएट या गावी दोन वर्षांचे पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज निघाले. गावाजवळ दोन वर्षे शिकायचे आणि मग चार वर्षांच्या विद्यापीठात जायचे, अशी ती पद्धत पुढे त्या देशात सर्वदूर पसरली. तिथे शाळा मुलाच्या गावाजवळ नेली. आपल्याकडे मुलाला शाळेजवळ ठेवून घेतले. दोन्हींचा हेतू एकच.

भाऊसाहेबांचे पुढचे आयुष्य पाहिले तर याच विचाराचा विस्तार दिसतो. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ च्या सुमारास जे आंदोलन झाले त्यात ते पुढे होते. १९२७ साली त्यांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. विमलाबाईंनी लग्नानंतरही शिक्षण चालू ठेवले, सार्वजनिक कामात भाग घेतला, आणि भाऊसाहेबांच्या मागे १९६७ ते १९७२ या काळात त्या राज्यसभेच्या सदस्य होत्या. हा भाग मी घरी मुद्दाम दोनदा वाचून दाखवला. १९२८ साली भाऊसाहेब अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्या अधिकारात त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा आणि प्राथमिक शिक्षण खेड्यापाड्यांत नेण्याचा प्रयत्न केला. शिक्षणासाठी लोकांवर कर बसवण्याचे अप्रिय कामही केले. १९३० ते १९३३ या काळात ते मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारात मंत्री होते आणि शिक्षण व शेती ही खाती त्यांच्याकडे होती.

याच काळात, १९३२ साली, श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली. वसतिगृहापासून निघालेली वाट आता शाळांकडे वळली. तालुक्याच्या गावी, मग मोठ्या खेड्यात, अशा शाळा निघत गेल्या. १९४६ साली अमरावतीत शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. भाऊसाहेबांना १९१८ साली पुण्याला जावे लागले होते. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी त्यांच्याच संस्थेचे महाविद्यालय त्यांच्या जिल्ह्यात उभे राहिले. आज ही संस्था विदर्भातील मोठ्या शिक्षणसंस्थांत गणली जाते. अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत तिची महाविद्यालये आहेत.

संस्थेच्या इतिहासातील एक प्रकरण आपल्या आजच्या अडचणीच्या फार जवळचे आहे. ग्रामीण भागातील तरुणांना उच्च शिक्षण मिळावे म्हणून डॉ. श्रीमाली समितीच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने १९५६ साली देशात काही ग्रामीण उच्च शिक्षण संस्था सुरू केल्या. त्यांत अमरावतीच्या शिवाजी लोक विद्यापीठाची निवड झाली. तिथे तीन वर्षांचा ग्रामसेवा पदविकेचा अभ्यासक्रम होता. शेती, सहकार, ग्रामोद्योग, समाजसेवा असे खेड्याला उपयोगी विषय. कल्पना उत्तम होती. परंतु पदविका घेतलेल्या मुलाने पुढे विद्यापीठात एम. ए.ला जायचे म्हटले की प्रश्न उभा राही: ही पदविका बी. ए.च्या तोडीची धरायची की नाही? सरकार नोकरीसाठी धरी, पण विद्यापीठे सहज धरीत नसत. एका संस्थेत केलेला अभ्यास दुसऱ्या संस्थेने मोजला नाही, तर विद्यार्थ्याची वर्षे फुकट जातात. आज शैक्षणिक श्रेयांक बँकेत प्रत्येकाचे खाते उघडले जाते आणि मिळवलेले श्रेयांक त्यात जमा होतात, ते याच दुखण्यावरचे औषध आहे.

पुढचे भाऊसाहेब सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. ते घटना समितीचे सदस्य होते. तिथे त्यांनी शेतकरी आणि मागासवर्गीय यांची बाजू चिकाटीने मांडली. १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीन निवडणुकांत अमरावतीने त्यांना लोकसभेत पाठवले. १९५२ ते १९६२ ही दहा वर्षे ते केंद्रात मंत्री होते आणि शेतीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. १९५९-६० साली दिल्लीला भरलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनामागे त्यांचेच परिश्रम होते. त्या प्रदर्शनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे वऱ्हाडात आणखी दोन गोष्टी घडल्या. महाराष्ट्रातले पहिले कृषी विद्यापीठ राहुरीला होणार असे दिसताच १९६७ साली अकोल्यात मोठे आंदोलन झाले, त्यात माणसांचे बळी गेले, आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला स्वतंत्र कृषी विद्यापीठ मिळाले. त्याला पंजाबरावांचे नाव आहे. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. २००५ पासून ते संत गाडगे बाबांच्या नावाने ओळखले जाते. एक नाव ऑक्सफर्डच्या डॉक्टरचे आणि दुसरे शाळेची पायरी न चढलेल्या संताचे. पण गाडगे बाबांनीही कीर्तनातून हेच सांगितले की भांडी मोडा, अर्धपोटी राहा, पण लेकराला शाळेत घाला. आणि त्यांनीही जागोजागी धर्मशाळा बांधल्या. आमच्या मूर्तिजापूरलाही त्यांनी धर्मशाळा आणि गोरक्षण उभे केले. घरापासून दूर आलेल्या माणसाला आसरा हवा, हे दोघांनाही कळले होते.

आता कोणी म्हणेल, भाऊसाहेब देशमुख घराण्यातले होते, कर्ज काढायला जमीन होती, बापाच्या शब्दाला किंमत होती. शेतमजुराच्या पोरीने त्यांचे उदाहरण कशाला द्यावे? हा आक्षेप खरा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्या वर्गात त्यांच्याइतकीच हुशार पण जमीन नसलेली मुले असतील. ती पापळलाच थांबली असतील आणि त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. माझ्या मते भाऊसाहेबांचे मोठेपण हेच की, आपल्याला जे बापाच्या जमिनीमुळे मिळाले ते दुसऱ्याला जमिनीवाचून मिळावे, अशी व्यवस्था करण्यात त्यांनी पुढची चाळीस वर्षे घातली. महाराष्ट्र शासनाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आज त्यांच्याच नावाने आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना ठरावीक अभ्यासक्रमांसाठी ती लागू होते. आपला अभ्यासक्रम त्यात बसतो की नाही हे प्रत्येकाने कार्यालयात विचारून घ्यावे, ऐकीव माहितीवर राहू नये.

हे चरित्र वाचून मी वहीत तीन मथळे घातले आहेत. पहिला, जागा. ज्या महाविद्यालयात माझ्या विषयाचे चौथे वर्ष चालते तिथे प्रवेशाच्या अटी काय, किती गुण लागतात, अर्ज कधी निघतात. दुसरा, कागद. आपल्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या महाविद्यालयात जायचे तर टी. सी. आणि गुणपत्रिका लागतात. विद्यापीठ बदलले तर मायग्रेशनही लागते. श्रेयांक खात्यात सर्व सत्रांची नोंद बरोबर झाली आहे की नाही, आणि नाव आधार कार्डाप्रमाणे आहे की नाही, हे आताच पाहून ठेवायचे, कारण ऐन प्रवेशाच्या आठवड्यात दुरुस्ती होत नाही. तिसरा मथळा, निवारा. वसतिगृहाचा अर्ज, खानावळीचा महिन्याचा खर्च, गावी जाण्या-येण्याचे एस. टी.चे भाडे. महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्याचाही हिशेब धरला आहे.

घरी मी पहिले दोन मथळे वाचून दाखवले तेव्हा वडील नुसते ऐकत होते. तिसरा आला तेव्हा ते सावरून बसले आणि प्रश्न विचारू लागले. वसतिगृहाची वेळ काय, बाई अधीक्षक आहेत काय, रात्री आजारी पडलीस तर दवाखाना किती लांब. त्यांचा विरोध शिक्षणाला नव्हताच. शंभर वर्षांपूर्वीही पापळला, चांदूरला, कारंज्याला बापमाणसाने हेच प्रश्न विचारले असतील. यातल्या काही प्रश्नांची उत्तरे मी आणली आहेत, काही आणायची आहेत. पदविका घेऊन थांबावे हा विषय घरी अजून मिटलेला नाही. मात्र आता आई त्या विषयात माझ्या बाजूने बोलते.

शेवटी प्राध्यापकवर्गाला आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एक विनंती. आपल्याकडून दरवर्षी काही विद्यार्थी अमरावतीला, अकोल्याला, नागपूर-पुण्याला पुढे जातात. ते कुठे राहिले, कोणत्या वसतिगृहात जागा मिळाली, खर्च किती आला, कोणता कागद अडला, ही माहिती त्यांच्याबरोबरच निघून जाते आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी पुन्हा शून्यापासून विचारत फिरतो. आपल्या ग्रंथालयात यासाठी एक साधी वही ठेवावी. पुढे गेलेल्याने त्यात एक पान लिहावे, एवढेच. वसतिगृह बांधण्याची ताकद आपल्यात नाही. वही ठेवण्याची आहे.

मे महिन्यात दुसऱ्या वर्षाची परीक्षा होईल. पदविकेच्या रकान्यात मी खूण करणार नाही. तिसऱ्या वर्षाचा अर्ज भरीन, आणि चौथे वर्ष ज्या गावी मिळेल तिथून त्या वहीतले पहिले पान लिहून पाठवीन.